गरम दुधाची घाई

माझं अक्षर किरटं आहे, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत मी चौथीत होते तिथंच राहिले आहे. कुणी वाचलंच तर चुका पदरात घ्याव्यात. पण माझ्या मामांसारखा उन्हाशी हुज्जत घालणारा माणूस साऱ्या सोलापुरात दुसरा झाला नाही, हे कुणीतरी लिहून ठेवायलाच हवं. वैशाखात आम्ही माठाला चिकटून बसायचो, तेव्हा मामा परसात चुलीवर पाणी तापवून कढत आंघोळ करायचे, वर कढत चहा प्यायचे आणि घामानं निथळत सांगायचे, "गार लई वाटतंय की!" आमच्याकडे आले की संध्याकाळी अंगण निवावं म्हणून त्यावर उकळतं पाणी मारायचे. एकदा त्यात आईची तुळस गेली. आई रडायला लागली, तर म्हणाले, "तुळशीचं राहू दे अक्का, अंगण निवलं का नाही ते सांग की."

मामा कुर्डुवाडीला रेल्वेत कारकून. तिथल्या कुणा साहेबाच्या खानसाम्यानं त्यांना सांगितलं, की आइस्क्रीम करताना दूध गरम ओतलं तर गारापेक्षा लवकर गोठतं. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. मामांनी ते व्रतासारखं धरलं. माझे वडील विचारायचे, "अहो, पण कसं गोठेल?" मामा म्हणायचे, "गरम दुधाला घाई असते हो दाजी. गार दूध निवांत पडलेलं. त्याला कुठं जायचंय?"

माझं लग्न ठरलं तेव्हा विहीणपंगतीला आइस्क्रीम द्यायचं मामांनी परस्पर कबूल करून टाकलं. माझ्या सासूबाई अक्कलकोटकडच्या, बोलता बोलता कानडीत शिरणाऱ्या, आणि नाकावर माशी बसू न देणाऱ्या. मामांनी भुशात गुंडाळलेला बर्फ गाडीनं आणवला, दांड्याची दोन भांडी कुठून कुठून मागून आणली, आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "एकात गरम दूध, एकात गार. आधी गोठेल ते विहिणबाईंना, आणि ते गरमाचंच असणार!" भांड्याभोवती बादलीत बर्फ आणि खडेमीठ घालायचं आणि दांडा फिरवत राहायचं, म्हणजे आतलं दूध गोठतं, असा तो प्रकार.

पण मिठाची परात माझ्या आत्याच्या नजरेस पडली. दुधाशेजारी मीठ, आणि तेही लग्नघरात! मामा पाहुण्यांना दुधाची घाई समजावत होते, तेवढ्यात तिनं परात माजघरात नेऊन ठेवली आणि कुणाला न विचारता दोन्ही बादल्यांत साखर ओतली. हात आखडला नाही. गडी दांडे फिरवून फिरवून दमले. गरम गोठेना, गारही गोठेना. पंगत ताटकळली. शेवटी मामांनी झाकण काढून आतलं दूधच वाटीत वाढलं. सासूबाईंनी त्यात बोट बुडवलं, "साकू!" म्हणाल्या, म्हणजे पुरे, आणि भरल्या ताटावरून उठल्या. शालूत मी घामानं भिजून गेले. आत्याची करामत दुसऱ्या दिवशी कळली, बादल्यांना मुंग्या लागल्या तेव्हा.

मग मामा माझ्या सासरी येईनात. भेटायचं झालं तर मला सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बोलवायचे. "त्या बाईच्या उंबऱ्यावर कुठल्या तोंडानं येऊ, पोरी?" गरम-गारचा विषय त्यांनी टाकला. चहासुद्धा बशीत निववून प्यायला लागले. ते मला बघवेना.

सासूबाईंपुढे मी कधी मान वर केलेली नव्हती. पण एका उन्हाळ्यात शेंगा फोडताना धीर केला आणि साखरेची सगळी हकीकत सांगून टाकली. त्या शेंग हातात धरून बसल्या, आणि मग हसता हसता त्यांना ठसका लागला. "अय्यो! म्हणजे तुझ्या मामांकडं माझं आइस्क्रीम अजून येणं आहे की! बोलव त्यांना. बर्फ घेऊन या म्हणावं."

मामा आले, बर्फ घेऊन, पण मान खाली घालून. पाहुण्यानं कामाला हात लावायचा नाही म्हणून सासूबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं. तिथं त्यांना राहवेना.

"मीठ घातलं का?"

"घातलं, मामा!"

"साखर नव्हे ना?"

"चाखून बघितलं!"

आत गरमाचा दांडा माझ्या हातात, गाराचा सासूबाईंच्या. त्यांचा जड होत होत थांबला. माझा आपला गरगर फिरतोय. सासूबाईंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आपल्या भांड्यातलं आइस्क्रीम बशीत काढलं आणि ओसरीवर नेऊन मामांपुढे ठेवलं.

"घ्या. गरमाचं आधी झालं हो."

"म्हटलं नव्हतं?" मामा उठूनच उभे राहिले. "घाई असते त्याला!" डोळे पुसत म्हणाले, दातांत कळ आली. मग पाहुणेपण विसरून स्वतः वाढायला लागले. सासूबाई हसत वाटीवर हात आडवा धरेपर्यंत त्यांना वाढतच राहिले. "साकू, मामा, साकू! फिटलं सगळं."

मामा आता नाहीत. आइस्क्रीम करायचं ठरलं की सासूबाई अजून चुलीकडे हात करतात, आणि मी दूध तापवते. उशीर होतो. मुलं कुरकुरतात. आम्ही दोघी दांडा फिरवत राहतो.