करडईच्या तेलातला टर्बो

हवा जगात सगळ्यांना फुकट मिळते. ती विकत घेणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो नेमका आमचा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांना अहो-जाहो करतो, नांदेडातला विज्ञानाचा मास्तर म्हणून ते मला ‘सर’ म्हणतात, आणि एवढा आदर सोडला तर आम्ही एकमेकांचं एक अक्षर मान्य करत नाही. ते लातूरला कालव्यावर नोकरीला. काम पाणी मोजायचं. पण त्या वर्षीच्या दुष्काळात कालव्यात शेळ्या चरत होत्या, त्यामुळे वहीत ‘निरंक’ लिहिलं की दिवस मोकळा. पाऊस आणि नवा उदगीर जिल्हा, दोन्ही यंदा नक्की होणार असं ते दरवर्षी सांगत. जिल्हा झाला की बदली होणार, बदली झाली की गाडी लागणार, म्हणून त्यांनी आधीच एक जुनी टर्बो डिझेल मोटार घेऊन ठेवली होती.

घेतल्यावर महिन्याभरात त्यांनी तिचा हवा गाळायचा मूळ बंद डबा काढून टाकला आणि तिथं एक उघडा लाल फिल्टर बसवला. बाजारात त्याला मशरूम म्हणतात. आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, त्याला कुत्र्याची छत्री म्हणत. “सर, पळताना धाप लागली की माणूस तोंड उघडतो का न्हाई? तसं गाडीचं तोंड उघडलंय मी,” हे त्यांचं शास्त्र. मी परोपरीनं सांगितलं, की टर्बो मुळातच हवा कोंबून भरतो, त्याला आणखी मोठं तोंड लागत नाही. शिवाय कंपनीचा डबा बाहेरची गार हवा आणतो आणि तुमची छत्री बॉनेटखालची तापलेली हवा पिते. शेवटी औशाच्या रस्त्यावर दोन दगड ठरवून, हातात घड्याळ घेऊन, आधी डब्यावर आणि मग छत्रीवर गाडी पळवली. छत्रीनं दोन सेकंद जास्त घेतले. “वारं आडवं आलं,” साडू म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं. “आन् ते जाऊ द्या, आवाज ऐकलाव का?” आवाज मात्र खरोखर वाढला होता.

या फिल्टरची थोरवी अशी, की तो धुवायचा, वाळवायचा, तेल लावायचा आणि जन्मभर वापरायचा. लातुरात तेव्हा टँकर आला की गल्लीत भांडणं होत. “लेकराला अंघोळीला तांब्या मोजून द्यायलेय मी, आन् ह्यांच्या छत्रीला बादली!” असं अक्का ओरडत, आणि साडू शांतपणे फिल्टर खळबळून तेच पाणी कडुलिंबाला घालत.

त्याच वर्षी त्यांची लेक सुजाता डॉक्टरकीला लागली. यादी उशिरा लागली, नांदेडचं कॉलेज मिळालं, आणि मूळ कागद दाखवायचा शेवटचा दिवस उजाडला. पाच वाजता खिडकी बंद. त्यानंतर जागा पुढच्या नावाला. या पोरीच्या आज्जीनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं होतं, आणि घराण्यातली पहिली डॉक्टर व्हायला आता फक्त नांदेड गाठायचं होतं. कॉलेजची वाट माझ्या पायाखालची म्हणून मी आदल्या दिवशीच लातूरला येऊन थांबलो होतो. अक्का म्हणाल्या, सकाळच्या एसटीनं जा. साडूंना ते लागलं. “दारात टर्बो हाय, आन् माझी लेक एसटीनं जाईल?” एवढ्या मोठ्या कामाला गाडी साजरी पाहिजे म्हणून त्यांनी सकाळी फिल्टर धुतला. तो वाळेपर्यंत साडेबारा वाजले.

अहमदपूरपर्यंत गाडी बरी चालली. पुढच्या चढाला ती एकदम दमली. मागं काळा धूर, समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा, आणि काटा चाळिसाच्या वर चढेना. कडब्याची ट्रॉली आम्हाला मागं टाकून गेली. सुजातानं फाईल पोटाशी धरली होती आणि ती दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. लाज वाटते सांगायला, पण माझ्या पोटात साडूंसाठी एक झणझणीत वाक्य शिजत होतं.

लोह्याला ट्रॅक्टरच्या मिस्त्रीपुढं गाडी थांबली तेव्हा पावणेचार झाले होते. त्यानं बॉनेट उघडलं, वास घेतला आणि साडूंकडं बघितलं. “साहेब, भजे तळायलाव का ह्यात?”

साडू खाली बघत म्हणाले, “फिल्टरचं तेल सरलं होतं. घरात करडईचं होतं.”

ते तेल ओढलं जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चिकटलं होतं, त्यावर दुष्काळाची धूळ बसली होती. मिस्त्रीनं सेन्सरची वायरच उपटली. “आता गाडी अंदाजानं चालंल. लई दाबू नका. नांदेड गाठंल.”

गाठलं. पाचला दहा कमी असताना सुजाता पायऱ्या चढून पळाली, आणि लगेच परत आली. पालकाची सही पाहिजे होती. लोह्याला फिल्टर पुसून पुसून साडूंचे दोन्ही हात काळे झाले होते. त्यांनी ते सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि खिडकीशी जाऊन कागदाला स्पर्श होऊ नये म्हणून मनगट अधांतरी धरून सही केली. तरी कोपऱ्यात एक काळं बोट उमटलंच. आतला कारकून काही म्हणायच्या आधीच त्यांनी हात जोडले. “साहेब, चूक माझी हाय. पोरीची न्हाई.” कारकुनानं कागदाकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं आणि शिक्का मारला.

आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. साडू म्हणाले, “सर, तुमचंच खरं होतं. आज माझ्या छत्रीपायी पोरीचं...” एवढं म्हणून ते काळी बोटं सदऱ्याला पुसत राहिले.

त्या चढापासून तयार ठेवलेलं माझं वाक्य आता सांगायची वेळ होती. वर्षानुवर्षं मी पोरांना सांगत आलो आहे, की मोजलेलं असेल तेच बोला. पण त्या माणसाकडं बघून मी ते वाक्यही गिळलं आणि ही शिकवणही.

“पण साडूभाऊ,” मी म्हणालो, “अहमदपूरपर्यंत कशी ओढायली होती! डब्यावर एवढी ओढली नसती.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. खोटं त्यांना कळलं होतं. डोळे पुसायला गेले आणि सगळ्या तोंडाला काळं लावून घेतलं.

“हाव का, सर?” ते म्हणाले.

“हाव,” मी म्हणालो.