खुर्चीबाईंची लॅब

विद्यापीठातल्या कॉम्प्युटर लॅब ज्या बाईंच्या ताब्यात आहेत, त्यांना आम्ही पाठीमागे खुर्चीबाई म्हणतो. नवी लॅब लावून झाली की त्या एकेका खुर्चीत स्वतः बसतात, पानभर मजकूर टाइप करतात आणि मगच उठतात. कुठल्या पडद्यावर खिडकीतलं ऊन येतं, कुठल्या टेबलाखाली गुडघा आपटतो, सगळं त्यांच्या वहीत असतं. मी तिथला वायरमन. बावीस वर्षांची नोकरी आणि नाकाच्या शेंड्यावर राग. बाई खुर्चीतून उठून माझ्याकडे बघायला लागल्या की माझं पित्त खवळायचं.

यंदा साठ कॉम्प्युटरची नवी लॅब झाली. सोमवारी तिथे प्रवेशपरीक्षा होती आणि माझीच धाकटी परीक्षेला बसणार होती. पोरीने वर्षभर मान मोडून अभ्यास केलेला. घरात टीव्ही बंद, माझं घोरणंसुद्धा बंद. शुक्रवारी विभागप्रमुख कागद घेऊन आले. लॅब तयार आहे म्हणून बाईंची सही हवी होती.

"उद्या देते," बाई म्हणाल्या. "साठही जागांवर एकदम माणसं बसवून बघायचीत."

"अहो, सुट्टीच्या दिवशी साठ माणसं आणणार कुठून?"

"आणते."

मला राहवलं नाही. "वायरिंग मी केलंय बाई. माझ्या कामावर भरवसा नाही का?"

"आहे ना. तुम्हीही या. वहिनींनाही आणा."

शनिवारी माळी आले, पहारेकरी आले, ग्रंथालयातल्या मुली आल्या, बाईंचे यजमान अख्ख्या शेजाराला घेऊन आले. बाईंच्या सत्तरीच्या सासूबाई चष्मा पुसत पाचव्या रांगेत बसल्या.

"काय लिहू गं?"

"मनात येईल ते लिहा, आई."

"मग तुझ्याबद्दलच लिहिते," सासूबाई म्हणाल्या आणि सगळी लॅब हसली.

अर्ध्या तासाने बाई उठल्या आणि कुणाला न सांगता त्यांनी मेन स्विच बंद केला. चार रांगा चालू राहिल्या. पाचवी आणि सहावी काळी पडली.

"आत्ता कुठे रंगात आलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

मला जागच्या जागी कळलं. लाइट गेल्यावर बॅटरीवर कॉम्प्युटर चालवणारी पेटी असते, यूपीएस. सहाव्या रांगेची पेटी उशिरा आली होती, म्हणून ती रांग मी तात्पुरती पाचवीच्या पेटीला जोडली होती. नवी पेटी आली, मी ती बसवली आणि वायर बदलायची साफ विसरलो. एका पेटीला दोन रांगांचा भार झेपला नाही. लाइट असेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. सोमवारी लाइट गेली असती तर वीस पोरांचा पेपर मध्येच बंद, आणि त्यात कदाचित माझीही पोर. बायको माझ्याकडेच बघत होती.

बाई जवळ आल्या. आता चारचौघांत पाणउतारा होणार म्हणून मी मान खाली घातली.

"किती वेळ लागेल?"

"तासभर."

"मग सगळ्यांना चहा सांगते. तासाने परत बसू."

दुसऱ्यांदा स्विच बंद केला तेव्हा साठही पडदे चालू राहिले, आणि बाईंनी सही केली. त्यांची वही मी नंतर चोरून पाहिली. 'दोन रांगा बंद पडल्या. दुरुस्त झाल्या.' एवढंच. माझं नाव कुठेच नव्हतं. या बाईंना मी आजवर मनातल्या मनात काय काय बोललो होतो ते आठवून लाज वाटली.

सोमवारी साडेअकराला, ऐन परीक्षेत, पॅसेजमधला पंखा थांबला. लाइट गेली होती. बोर्डापाशी उभ्या उभ्या मी लॅबमधल्या आवाजाकडे कान लावले. बाई शेजारीच होत्या. त्यांनी आत डोकावलंसुद्धा नाही, फक्त घड्याळ बघत राहिल्या. नऊ मिनिटांनी पंखा फिरला.

"आता घोटभर पाणी प्या," त्या मला म्हणाल्या आणि वहीत नऊचा आकडा लिहायला लागल्या.

बारा वाजता धाकटी बाहेर आली. बोटांवर कच्च्या आकडेमोडीची शाई, चेहऱ्यावर हसू.

"लाइट गेली तेव्हा घाबरलीस का गं?" मी विचारलं.

"गेली होती? तरीच मध्ये जरा गरम होत होतं."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "चल, हे अस्संच त्या बाईंना सांग."