सिद्धारामचं लॉगिन

सांगोल्याच्या रक्त साठवण केंद्रातला संगणक काही केल्या सोलापूरच्या सर्व्हरला जोडला जाईना, म्हणून वैतागून मी सिद्धारामला फोन लावला. आमच्या रक्तपेढीचा सर्व्हर तोच सांभाळायचा. बाहेरगावच्या केंद्रांना आत घ्यायचं की नाही, ते त्याच्या हातात. फोन वहिनींनी उचलला. "भावजी, ते गेले की हो... अंघोळीला म्हणून उठले आन् तितंच बसले..." सांगोल्याची जोडणी शेवटी मीच सुरू केली, स्मशानातून परतल्यावर. रुग्ण थोडेच थांबणार होते?

सिद्धाराम तापट. त्याचा एक हट्ट होता. बाहेरून जोडणी हवी असेल, तर त्या माणसानं एकदा सोलापूरला यायचं, त्याच्यासमोर बसून चहा घ्यायचा, मगच लॉगिन. करकंबच्या डॉक्टरांनाही त्यानं असंच बोलावून घेतलं होतं. "स्थळ बघतोस काय रे?" आम्ही चिडवायचो. "व्हय. तोंड बघितलं, की उद्या घोळ झाल्यावर कुणाला शिव्या घालायच्या ते कळतंय." कुणाला फक्त पिशव्यांचा साठा दिसेल, कुणाला रक्तदात्यांची नावं, पुसायची परवानगी तर जवळजवळ कुणालाच नाही. यावरून तो साहेबांशीही भांडायचा. आणि माणूस काम सोडून गेला, की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद. सख्ख्या भाच्याचं तर त्यानं निरोपाचे पेढे खाता खाता बंद केलं होतं.

आता त्याच्या खुर्चीत मी बसतो. तेराव्यानंतर एका सकाळी सर्व्हरवर कोण कोण जोडलंय ते बघत होतो. सिद्धारामचं नाव. त्याच्या घरून. कुणी चोरून शिरलंय की काय, म्हणून गाडी काढून तडक घरी गेलो. वहिनी भाकरी थापत होत्या. टेबलावर त्याचा लॅपटॉप सुरू. तो चालू केला की आपोआप सर्व्हरला जोडला जायचा. "सकाळी लावते," वहिनी म्हणाल्या. "त्यातला पंखा घरघरतो, मग ते कामाला बसल्यागत वाटतंय. मी कशाला हात न्हाय लावत, भावजी." चहा पिऊन परत आलो.

पण चैन पडेना. त्या लॉगिनला सगळंच खुलं होतं, पुसणंसुद्धा. लॅपटॉप चोरीला गेला, एखादा व्हायरस शिरला, तर? अख्ख्या जिल्ह्याच्या रक्ताचा हिशेब त्या स्वयंपाकघरालगतच्या टेबलावर उघडा पडलेला. रोज ठरवायचो, आज बंद करायचं. रोज सकाळी त्याचं नाव उमटायचं आणि हात मागे यायचा. त्याचाच राग यायचा. गड्या, हे काम तरी दुसऱ्या कुणावर टाकायचंस...

परवा संध्याकाळी केलं एकदाचं बंद. सकाळी वहिनींचा फोन.

"भावजी, ह्यांचं मशीन आज आत जाईना."

"मीच बंद केलं, वहिनी."

त्यांनी लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "ह्यांनी त्याच दिवशी केलं असतं. तुमी लई दिवस ठेवलंत की."