बारा लाकडी घरं, स्टोअरमध्ये जमा करणे

वखारीत गिऱ्हाईक टेकलं की चहा येतो आणि चहाबरोबर किस्सा निघतो. नारायणगावात इतकी वर्षं लाकूड विकतोय. माल विकला जातो, किस्से मात्र पडून राहतात. त्यातही पंचायत समितीच्या एकाच टेंडरनं जेवढे दिले, तेवढे बाकीच्या धंद्यानं मिळून दिले नाहीत.

काम साधं होतं. आंबेगावच्या पश्चिमेला एक वाडी, तिच्या वरच्या डोंगराला भेग पडलेली. पावसाआधी बारा कुटुंबं खालच्या माळावर हलवायची आणि घरं इथल्याच लाकडाची बांधायची. वाडी म्हणाली, "ठमाआजी हलली, तर आमी हलू." ठमाआजी म्हणजे वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई. ती म्हणे, "मी न्हाई हलत!"

\*

पोर्टलवर 'लाकडी घर' असा प्रकारच नव्हता. क्लार्कनं टेंडर 'फर्निचर'मध्ये टाकलं. मंजुरीच्या पत्रात अट आली : माल ऑफिसच्या स्टोअरमध्ये जमा करावा.

मी स्टोअरकीपरला म्हटलं, "राव, बारा घरं आहेत!"

तो उठला, टेपनं दाराची रुंदी मोजली आणि म्हणाला, "एकेक करून आणा."

\*

दुसरी अट, कापलेल्या प्रत्येक झाडामागं पाच रोपं. साग घेतला पिंपरी पेंढारच्या बांधांवरून. रोपांना जागा मिळाली आणे गावच्या पठारावर, बाळूभाऊच्या रानात. बाळूभाऊकडं मेंढरं, हे मला माहीत होतं. तपासणीला आलेल्या साहेबांना नव्हतं.

"रोपं कुठंयत?" साहेबांनी विचारलं.

बाळूभाऊनं शांतपणे कळपाकडं हात केला. "ती काय, चालल्यात!"

\*

इंजिनिअर थोरवे साहेब भला माणूस, पण सगळी नोकरी सिमेंटात गेलेली. पहिल्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा म्हणाले, "पाणी कधी मारलं?"

"साहेब, लाकूड आहे हे."

"दिसतंय मला. पण फायलीत क्युरिंगचे फोटो लागतात."

शेवटी फोटो काढला. मागं घर, पुढं आमचा दत्तू मिस्त्री पाइप धरून, आणि पाणी शेजारच्या मिरचीला. फोटो पास झाला. मिरचीपण लई आली!

\*

ते पहिलं घर बघायला ठमाआजी खाली उतरली. वर बघून म्हणाली, "स्लॅब नाय?"

"नाही आजी, कौलं आहेत."

"मंग वाळवण कुठं घालू? लाकडातून सुटावं म्हणून तर घरकुलाचा फॉर्म भरला व्हता!"

थोरवे साहेबांनी लॅबचा रिपोर्ट उघडला. "आजी, या खांबाला हत्ती बांधला तरी हलायचा नाही."

"हत्ती कुणाकडंय वाडीत?" म्हणाली आणि चढ चढून गेली.

\*

बाकीची अकरा घरंही उभी राहिली, पण एकाही घराला माणूस नाही. ढग रोज डोंगरावर उतरायला लागले. भेग आता खालून, नुसत्या डोळ्यांना दिसत होती. थोरवे साहेबांचं जेवण कमी झालेलं.

एका सकाळी आजी स्वतःचा बैल घेऊन आली. बैल अंगानं दांडगा, स्वभावानं वाकडा. पहिल्या घराच्या कोपऱ्यातल्या खांबाला तिनं तो बांधला आणि समोर दगडावर बसली. मागोमाग वाडीही येऊन बसली. बैलानं दावं ताणलं, शिंगं घासली, सगळं अंग खांबावर रेललं. दत्तू मिस्त्री दुसरीकडं तोंड करून उभा राहिला.

तपासणीचा फॉर्म घेऊन थोरवे साहेब आले. "आजी, काय ठरलं?"

"मला काय इचारता? त्याला बसू द्या. खांब हालत आसंल, तर जनावर त्याच्याखाली बसत न्हाई."

दुपार कलली. बैलानं एकदा खांब हुंगला, पुढचे पाय दुमडले, बसला आणि रवंथ करायला लागला.

आजी उठली. लुगड्याची धूळ झटकून वाडीला म्हणाली, "भांडी आणा खाली."

गलका झाला, माणसं पळाली. थोरवे साहेब पायरीवर बसून फॉर्म भरायला लागले. 'तपासणी कोणी केली' या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी बैलाकडं बघितलं.

मग हळूच म्हणाले, "आजी, याचं नाव काय?"