दसऱ्याचा बाण आणि इतरांच्या कहाण्या

माझा हात थरथरत नव्हता. हे पहिल्याच वाक्यात लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे कोणी वाचो न वाचो, एवढे तरी वाचले जाईल. माझ्या हाताविषयी, डोळ्यांविषयी, वयाविषयी आणि कुलदैवताच्या माझ्यावरील नाराजीविषयी इतक्या जणांनी इतके सांगून झाले आहे की, त्या हाताचा मालक अजून जिवंत आहे आणि त्याला लिहिता येते, याचा सर्वांना विसर पडलेला दिसतो.

प्रथम वस्तुस्थिती. कुंडलच्या पलीकडे, उसाच्या पट्ट्यात आमचे गाव आहे. दसऱ्याला देवाची पालखी शिवेबाहेर जाते. तेथे केळीचा खांब रोवतात, त्यावर हळदीचा ठसठशीत टिळा लावतात आणि पालखी थांबली की त्या टिळ्यावर बाण मारला जातो. बाण खांबात रुतला की शिलंगण झाले असे गाव मानते. हा बाण मारण्याचा मान आमच्या घराचा. वडील बांबूच्या धनुष्याने, जवळून मारत. मी फौजेत तिरंदाजी शिकलो, पलटणीच्या संघातून खेळलो, सुभेदार म्हणून निवृत्त होऊन परत आलो आणि तेव्हापासून तो बाण मी मारतो. लांबून मारतो आणि स्पर्धेच्या धनुष्याने मारतो. निवृत्तीनंतरही दर आठवड्याला एसटीने साताऱ्याच्या मैदानावर सरावाला जाणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. बढाई असती, तरी ती खरी असती.

एका दसऱ्याला तो बाण मातीत गेला. पालखी थांबली होती, हलगी टिपेला पोचली होती. मी धनुष्य ओढू लागलो, दोरी अजून हनुवटीपाशी आलीही नव्हती, तोच साईटच्या, म्हणजे धनुष्यावर नेम धरण्यासाठी बसवलेल्या, कड्यात हळद दिसली आणि माझी बोटे आपोआप उघडली. मी उघडली नाहीत, ती उघडली. बाण पालखीच्या पुढ्यात, भोयांच्या पायांपासून थोड्या अंतरावर जमिनीत घुसला. हलगी थांबली. कोणीतरी ते सारे मोबाइलवर टिपले होते. दुसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर त्या चित्रफितीला एक रडके गाणे जोडून ती फिरत होती.

हा आजार त्या दिवशी जडलेला नव्हता. आदल्या उन्हाळ्यापासून साताऱ्याच्या मैदानावर तो मला छळत होता. तेथील कागदी लक्ष्याच्या मध्यभागी पिवळे वर्तुळ असते. साईट त्या पिवळ्याला टेकण्याआधीच माझी बोटे दोरी सोडून देत. निग्रहाने बोटे आवळून धरली, तर हात पिवळ्याच्या खाली अडकून बसे. कोणीतरी कोपराला दोर बांधून खाली खेचावे, तसा तो वर जात नसे. कागद काढून टाकला आणि त्यामागच्या गवताच्या कोऱ्या गठ्ठ्यावर बाण मारला की सर्व काही यथास्थित होई. ज्याचा हात कापतो त्याचा तो कोऱ्या गठ्ठ्यावरही कापेल, एवढा साधा विचार ज्यांना करता येत नाही, ते माझ्या म्हातारपणाचे निदान करत होते. साताऱ्याच्या प्रशिक्षकांनी या आजाराचे नाव सांगितले, टार्गेट पॅनिक. माझा त्या नावालाही आक्षेप आहे. पॅनिक म्हणजे घबराट. मी घाबरलो नव्हतो. मला न विचारता माझी बोटे निर्णय घेत होती. याला घबराट नव्हे, बेशिस्त म्हणतात.

दसऱ्यानंतर देवळात गावकी बसली. माझा चुलतभाऊ माझ्याहून धाकटा आहे. त्याचा मुलगा इस्लामपूरला कप्प्या लावलेल्या नव्या धाटणीच्या धनुष्याने सराव करतो. मान त्याच्या घरी जावा, ही भावाची मागणी. ती त्याने माझ्याविषयीच्या काळजीत गुंडाळून मांडली.

"दादा, तुमी लय केलंसा गावासाठी. आता इश्रांती घ्या."

"इश्रांती मेल्यावर घेईन. तीबी तुझ्याआधी न्हाई."

"आवं, पर हात कापतोय की तुमचा. समद्यांनी बगितलं."

"चहाची बशी आण. काठोकाठ भरून आण. एक थेंब सांडला तर मान तुझा."

बशी आली. मी ती हात लांब करून धरली आणि चहा निवेपर्यंत धरून ठेवली. थेंब सांडला नाही. मागून कोणीतरी म्हणाले, "सुभेदार, बशी न्हाई, केळ मारायचीया." सारे देऊळ हसले. मीही त्या वेळी हसलो, असे भाऊ हल्ली सांगतो. मी हसलो नाही.

गावकीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या म्हाताऱ्याने निवाडा दिला. "अजून एक दसरा द्या सुभेदाराला. पुन्यांदा मातीत गेला, तर मान तिकडं." कोणी विरोध केला नाही. म्हणजे पुढच्या दसऱ्यापर्यंत मला माझी बोटे ताब्यात आणायची होती. अन्यथा वडिलांकडून आलेली गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत भावाच्या अंगणात जाणार होती.

आता साताऱ्याच्या प्रशिक्षकांविषयी. ते माझ्या मुलापेक्षाही लहान आहेत आणि कष्टाळू आहेत. यापलीकडे त्यांची स्तुती मी करणार नाही, कारण ती ते स्वतःच पुरेशी करतात. एका सत्कारसमारंभात त्यांनी भाषणात सांगितले की, एक वृद्ध फौजी आपल्यासमोर ढसाढसा रडला आणि आपण त्याला मनोबल दिले. मी रडलो नव्हतो. माझ्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि उन्हात डोळ्यातून पाणी येत होते. थेंबांची बाटली माझ्या खिशात होती. ती त्यांनी पाहिलीही होती.

त्यांनी दिलेले मनोबल असे: प्रथम त्यांनी मोठे लक्ष्य लावून दिले. मोठे पिवळे अधिक लवकर दिसते, त्यामुळे बोटे अधिक लवकर सुटू लागली. मग त्यांनी श्वास मोजायला सांगितले. मी श्वास मोजले. बोटांना त्या मोजणीत काही रस नव्हता. शेवटी एका सकाळी ते म्हणाले, "सर, आज एकही बाण सोडायचा नाही. ओढा, नेम धरा, पिवळं बघा आणि तसंच खाली उतरवा." मी सामान आवरले आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला.

याचे कारण आमच्या घरच्या चालीत आहे. खंडेनवमीला वडील देव्हाऱ्यासमोर तलवार म्यानातून काढत आणि म्यानात परत घालण्याआधी तिने कोहळा कापत. कोहळा नसला तर निदान लिंबू. "उपसलेलं हत्यार उपाशी माघारी घालायचं न्हाई," हे त्यांचे वाक्य आम्ही भावंडांनी भाताबरोबर खाल्ले आहे. तिरंदाजीतही मी तेच पाळले. ओढलेला बाण मी आयुष्यात कधी न सोडता उतरवला नव्हता. वारा आला, मध्येच कोणी खोकला, खांदा चुकीचा बसला, तरी बाण जायचाच. पलटणीतले सोबती वैतागत, बाण उतरवून पुन्हा ओढत आणि माझ्यापेक्षा चांगले गुणही मिळवत. मी मात्र त्यांच्याकडे, ताटावरून अर्धपोटी उठणाऱ्याकडे पाहावे तसा पाहत असे.

परतीच्या एसटीत मी प्रशिक्षकांना ठणकावून सांगायचे उत्तर जुळवत बसलो. मला भांडणाची तयारी मनात करायची सवय आहे. त्यामुळे प्रत्यक्षात शब्द वाया जात नाहीत. मी त्यांना सांगणार होतो की, फौजी माणूस नेम धरतो तो सोडण्यासाठी, खेळण्यासाठी नाही. हे वाक्य पुरे होण्याआधी मला सीमेवरचा पहारा आठवला. तारेपलीकडे कोणी हलले की मी बंदूक खांद्याला लावत असे, नळी त्या सावलीवर धरत असे, बोट ट्रिगरवर ठेवत असे आणि हुकूम नसल्यामुळे ते दाबत नसे. सकाळी ती बंदूक एकही गोळी न झाडता मी कोठारात जमा केली आहे. एकदा नव्हे, नोकरीभर. तिचा अपमान झाला असे मला कधी वाटले नाही. उलट ज्याने हुकमाशिवाय गोळी झाडली, त्याला आम्ही काय म्हणत होतो ते येथे लिहिण्यासारखे नाही. कऱ्हाड येईपर्यंत माझे उत्तर माझ्यावरच उलटले होते. जन्मभर एकही बाण उतरवला नसल्यामुळे माझ्या बोटांना एकच गोष्ट ठाऊक होती: पिवळे दिसले की सुटायचे. पिवळे हाच त्यांचा हुकूम झाला होता आणि मी, सुभेदार, नुसता उभा होतो.

तेव्हा, बाण उतरवण्याचे वाक्य प्रशिक्षकांचे, हे मला मान्य आहे. त्या वाक्याला त्यांनी अर्थ दिला नव्हता. तो मी भाडे भरून एसटीत मिळवला.

घरामागच्या रानात यंत्राने बांधलेले उसाच्या पाचटाचे गठ्ठे होते. ते रचले, त्यावर हळदीचा टिळा लावला आणि अगदी जवळ उभा राहिलो. ओढायचे, हळद पाहायची आणि उतरवायचे. लिहायला हे सोपे आहे. सुरुवातीला बाण सुटूनच जात, आणि सुटला की माझ्या छातीत राग भरून येई. मी बोटांना मोठ्याने सांगू लागलो, "अजून न्हाई." बांधावरून जाणारे थांबून ऐकत.

"सुभेदार, बाण म्हाग झालं व्हय?"

"बाण स्वस्त हायती. तुझ्यासारखं बघणारं त्याहून स्वस्त."

सौभाग्यवती वैरण घेऊन जाताना म्हणत, "आवं, मारताय का नुसतं गठ्ठ्याला भ्या दावताय?" त्यांचीही एक कहाणी आहे. त्यांनी माझ्या नकळत मीठ-मिरच्यांनी माझी दृष्ट काढली आणि त्यामुळे मी बरा झालो, असे त्या सर्व पाहुण्यांना सांगतात. मिरच्यांचा ठसका मला लागला होता, हे खरे. बोटांना तो लागल्याचे मी पाहिले नाही.

बदल एका दिवशी झाला नाही. भाषणांत आणि गावगप्पांत माणसे एका क्षणात बदलतात. मी तसा बदललो नाही. हळूहळू हळद दिसल्यावर बोटे नुसती शिवशिवत, उघडत नसत. पुढे एके दिवशी ओढलेले धनुष्य धरून मी तो टिळा निवांत पाहू शकलो. त्याची खालची कड वाळून तडकली आहे, हेही दिसले. तोवर मला तो टिळा कधी दिसलाच नव्हता, फक्त टोचला होता. त्यानंतर मी कधी सोडायचे ते ठरवू लागलो. काही बाण सोडले, बरेच उतरवले. अंतर वाढवले. साताऱ्याला पुन्हा गेलो.

दसऱ्याला सारे गाव शिवेवर आले. इतर वर्षी निम्मी माणसे घरी असतात. भावाचा मुलगा आपले धनुष्य पाठीला लावून आला होता. कोणी आणायला सांगितले होते, ते विचारण्याची गरज नव्हती. पालखी थांबली, हलगी चढली. मी ओढले. दोरी हनुवटीला लागली, कड्यात हळद आली, आणि बोटांत ती जुनी शिवशिव आली. मी दोरी न सोडता हळूहळू जागेवर नेली आणि बाण उतरवला.

हलगीवाल्याचा हात अडखळला. भाऊ लगेच पुढे आला.

"उपसलेला बाण माघारी? आपल्या घरात असं कवा झालं न्हाई. देवाम्होरं न्हाईच न्हाई."

"घर माझं हाय. काय झालं, काय न्हाई, ते मला ठाऊक हाय."

"पंच हायती की हितं. त्यास्नी इचारा. मान गेला."

वडीलधारा म्हातारा पालखीच्या दांड्याला हात लावून उभा होता. त्याने विचारले, "बाण मातीत गेला का?"

"न्हाई," भाऊ म्हणाला, "पर..."

"मंग बाजूला सर की रं. म्हातारं मारतंय तवर तरी गप ऱ्हा."

मी पुन्हा ओढले. या वेळी बोटे गप्प होती. हळद पाहिली, सोडायचे ठरवले आणि सोडले. बाण खांबात रुतला. टिळ्याच्या डाव्या कडेला. गावाच्या ग्रुपवर आता जी चित्रफीत फिरते, तिच्याखाली बाण मधोमध लागल्याचे लिहिले आहे. ते खोटे आहे. माझ्या बाजूचे खोटेही मला चालत नाही.

मान राहिला. संध्याकाळी रीतीप्रमाणे भाऊ आपट्याची पाने घेऊन आला, कारण तो धाकटा आहे आणि पायरी त्यालाच चढावी लागते. त्याने पाने माझ्या हातात दिली, पाया पडला, खुर्चीच्या काठावर बसला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "दादा, खरं सांगा. पयल्या येळंला भ्यालासा का न्हाई?"

"मी तो उतरवला."

"तेच म्हनतो मी. का उतरवला?"

"उतरवता येतो म्हणून."

त्याने बशी खाली ठेवली. त्याला ते पटले नाही आणि पटवून द्यावे असे मला वाटले नाही. पारावर गेल्यावर तो काय सांगणार, हे तो उठून पायरी उतरताना त्याच्या पाठीवरूनच कळत होते. म्हणून मी त्याच आठवड्यात हे लिहायला बसलो.