भोंगा झाला की पत्ते खाली

ढोकेकाकूंच्या हातात तीन एक्के असोत की नुसता भुसा, प्लांटचा दुपारचा पहिला भोंगा वाजला की त्या पत्ते खाली ठेवत. भिलाईत, स्टील प्लांटच्या वसाहतीत, आम्ही शेजारी होतो. आम्हा बायकांचा तीनपत्तीचा अड्डा त्यांच्या व्हरांड्यात जमे, पैशांऐवजी चिंचोके लावून. तो भोंगा म्हणजे सेकंड शिफ्टवाल्यांनी डबा घेऊन निघायची वेळ. काका रोलिंग मिलला होते, त्यामुळे डबा आधी, डाव नंतर. माझी कितीतरी चांगली पानं त्या भोंग्यापायी वाया गेली आणि मी तितक्याच वेळा काकूंवर रुसले.

"खेळाले कोणालेही बसता येते, मंदा," त्या म्हणत. "उठता आलं पायजे."

बाकी खेळात त्या पक्क्या होत्या. पानं वाईट आली की पहिल्याच फेरीत टाकून मोकळ्या. हरल्यावर मी चिडून मूठभर चिंचोके पुढे सारले की माझा हात धरत. "गेलेलं काढाले कावून खेळून राहिली? गेलं ते गेलं. हा डाव नवा हाये."

याच सुमारास जवळच्या खुर्सीपार वस्तीत एका व्हिडिओ गेमच्या दुकानात पडद्यामागे पत्त्यांची दोन मशीनं आली. टोकन टाकायचं, मशीनच्या पडद्यावर पाच पत्ते येतात, हवे ते धरायचे, नको ते एकदा बदलायचे. जोडी, तिकडी, चौकडी जमली की खाली टोकनं पडतात. माझा नवरा सुरेश ड्युटीला जाता जाता सहज डोकावला आणि तिथलाच झाला. त्या खणखणाटात त्याला भोंगा ऐकूच येईना. दोनदा शिफ्ट बुडाली. आता आणखी एकदा बुडाली तर नोकरी जाईल, असं साहेबांनी बजावलं. मी भांडले, रडले, माहेरी जाते म्हणाले. तो रोज शपथ घ्यायचा आणि रोज जायचा.

शेवटी काकूंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सुरेशला म्हणाल्या, "मलेही दाखव ना रे तुयी मशीन."

तो खूश झाला. काकांचा डबा त्या दिवशी काकूंनी आधीच भरून दिला. डोक्यावर पदर, हातात बटवा, अशा काकू त्या पोराटोरांच्या घोळक्यात जाऊन बसल्या. मी दुकानातल्या कापडी पडद्याशी उभी. सुरेश मास्तरकीच्या थाटात बटणं दाखवू लागला, पण थोड्या वेळात काकूच त्याला शिकवत होत्या. "जोडी आली ना? मंग ते धर, बाकीचं सोड. सगळंच धरून बसशीन तर नवं कुठून येईन?" दर डावाला एकच टोकन. सुरेश म्हणाला, "काकू, आता डबल लावा, निघते." त्यांनी एकच टाकलं.

पडद्यावर तीन राजे आले. सगळी पोरं वाकली. काकूंनी राजे धरले. आता उरलेली दोन पानं बदलायची, एक बटण दाबायचं. तेवढ्यात काकूंनी बटव्याची नाडी ओढली आणि त्या उठल्या.

"काकू, तीन राजे हायेत," सुरेश जवळजवळ रडकुंडीला आला. "नुसतं बटन दाबा."

"भोंगा झाला."

आम्हा कोणालाच ऐकू आला नव्हता. दुकानदार म्हणाला, "अम्मा, एक बटन तो दबाते जाओ." काकूंनी सुरेशची बाही धरली आणि चालू लागल्या. मागच्या पोराने खुर्चीत उडी मारून बटण दाबलं. चौथा राजा आला. टोकनांचा खळखळाट आमच्या पाठीमागे बराच वेळ चालला होता. सुरेश तीनदा वळला, काकू एकदाही नाही. त्या दिवशी तो वेळेवर गेटात शिरला.

घरी येताना मी चिडून विचारलं, "लावलेलं टोकन सोडून येणं ही कुठली अक्कल?"

"मले का कळत नाही?" त्या हसल्या. "पण त्याच्यासमोर जितली असती तं तो जन्मभर तिथंच बसला असता."

सुरेश एका दिवसात सुधारला, असं मी म्हणणार नाही. पुढेही तो अधूनमधून तिकडे जायचा. पण दाराजवळच्या मशीनपाशी, कान बाहेर ठेवून. भोंगा झाला की उठायचा. मग हळूहळू त्याला तिथे जायचाच कंटाळा आला. त्याची नोकरी टिकली ती काकूंमुळे, हे तो सगळ्यांना सांगतो.

काका निवृत्त झाल्यावर दोघं वर्ध्याला गेले. काका वारल्यानंतर आम्ही काकूंना भेटायला गेलो. वाळल्या होत्या, पण चिंचोक्यांची पिशवी तयार होती. तिघं बसलो. गाडीची वेळ झाली तसा सुरेश घड्याळ पाहून गमतीने म्हणाला, "काकू, भोंगा झाला."

काकूंनी हातातले पत्ते खाली ठेवले नाहीत.

"इथं कुठचा भोंगा, बाप्पा?" त्या म्हणाल्या. "बसा ना अजून."

इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला बसा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सुरेशने निघायला उचललेली आमची बॅग पुन्हा कोपऱ्यात ठेवली आणि आपले पत्ते हातात घेतले. ती आमची शेवटची भेट ठरली. गाडी चुकली, आणि त्या दिवशी काकूंनी आम्हा दोघांचे सगळे चिंचोके जिंकले.