बर्फातली डबी

नमुन्याची डबी हातात आली की बाई आधी मूठ मिटायच्या. नाव नंतर वाचायच्या, वेळ नंतर लिहायच्या. हातमोज्यातल्या मुठीत ती एवढीशी प्लास्टिकची डबी धरून, डोळे बारीक करून दोन क्षण उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "हां, ऊन हाय." त्यांच्या बोलीत ऊन म्हणजे कोमट. मग डबी गरम ठोकळ्याच्या खाचेत जायची आणि आमचं काम सुरू व्हायचं.

हे काम काय, ते सांगायला हवं. गोंदियात, मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांचा एक दवाखाना आहे. त्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांची लॅब. नवऱ्याचा नमुना तिथे येतो. त्यातले निरोगी, नीट पोहणारे शुक्रजंतू आम्ही वेगळे करतो आणि डॉक्टर ते पातळ नळीने बायकोच्या गर्भाशयात सोडतात. मी हे आता सरळ लिहिते आहे, पण दोन वर्षांपूर्वी, नवीन लागले तेव्हा, मला यातला एक शब्दही पुरुषासमोर उच्चारता येत नव्हता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. या गोष्टींचे मराठी शब्द माझ्याकडे दोनच प्रकारचे होते: शब्दकोशातले, आणि बसस्टँडच्या भिंतीवर वाचलेले. त्यामुळे मी गप्प राहायचे. लोकांना वाटायचं, मॅडम गर्विष्ठ आहेत.

बाई माझ्या वरिष्ठ, लॅबमधल्या सगळ्यात जुन्या. त्यांना शब्दांची अडचण नव्हती. त्या 'बी' म्हणायच्या. माहेर अर्जुनी मोरगावकडचं, घरी धानाची शेती. एकदा एका पेशंटच्या सासूबाईंनी विचारलं की आत नेमकं काय करता. बाई दारातच म्हणाल्या, "पेरायच्या आधी धान मिठाच्या पान्यात टाकता ना? पोचट वर येते, भरलेलं खाली जाते. तसंच हाय, मावशी. आमचं पानी महाग हाय एवढंच." सासूबाईंना पटलं. मी चार सेमिस्टर शिकलेलं त्या दोन वाक्यांत संपलं. आमच्या नळीतही तेच होतं: खाली दाट द्रव, त्यावर जरा पातळ, त्यावर अलगद सोडलेला नमुना. मशीनमध्ये फिरवला की कचरा आणि मेलेले वर अडकतात, आणि चांगले तळाशी जाऊन पांढऱ्या ठिपक्यासारखे बसतात.

त्याच सासूबाईंनी मग हळूच दुसरं विचारलं होतं, दुसऱ्याचं तर नाही ना टाकत? बाई चिडल्या नाहीत. त्यांनी मुलाला आत बोलावलं, काचेपाशी उभं केलं आणि नळीवरचं त्याचं आणि बायकोचं नाव त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलं. पहिलीतल्या पोरासारखं त्याने ते वाचलं. तेव्हापासून बाई प्रत्येक नवऱ्याला वाचायला लावायच्या. रिसेप्शनवरची मुलगी त्याला 'बाई की पाठशाला' म्हणायची.

तुम्ही अशा दवाखान्यात कधी बसला असाल तर तिथली अस्वस्थता तुम्हाला ठाऊक असेल. लॅबमध्ये ती वेगळीच असते. नमुना पातळ व्हायला अर्धा तास, फिरायला वीस मिनिटं, धुवून पुन्हा फिरायला दहा. या मधल्या वेळात करण्यासारखं काही नसतं, आणि बाईंना ते सहन होत नसे. त्या येरझाऱ्या घालायच्या. फ्रिज उघडून आतलं थर्मामीटर बघायच्या, पुसलेला ओटा पुसायच्या, मशीनच्या झाकणावर कान ठेवायच्या. मी बसा म्हटलं की म्हणायच्या, "बसली का झोप येते. झोप आली का चूक होते." लॅबमधलं एकुलतं स्टूल माझंच झालं होतं. पण त्या समोर फिरत असताना मलाही त्यावर नीट बसवत नसे.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमगावजवळच्या एका खेड्यातलं जोडपं येत होतं. तो गाई पाळायचा, दूध डेअरीला घालायचा. आदल्या महिन्यात दवाखान्यातल्या नमुन्याच्या खोलीत तो तासभर बसून रिकामी डबी घेऊन बाहेर आला होता. पुष्कळांचं होतं तसं. बाहेर रांग, दाराला धड न लागणारी कडी. म्हणून या वेळी डॉक्टरांनी त्याला नमुना घरून आणायची परवानगी दिली. बाई सूक्ष्मदर्शकावर मोजणी करत होत्या. मान न उचलता मला म्हणाल्या, त्याला डबी दे आणि सगळं सांगून दे.

सगळं म्हणजे काय ते मला पाठ होतं. तासाच्या आत पोचायचं. उन्हात नाही, थंडीत नाही, डबी अंगाशी धरून आणायची. मी दारात गेले. तो माझ्याकडे न बघता उभा होता, मी त्याच्याकडे न बघता उभी होते. मी डबी दिली, सूचनांचा छापील कागद घडी करून त्याच्या हातात ठेवला, "इसमें सब लिखा है" म्हटलं आणि दार लावून घेतलं. कागद इंग्रजीत होता.

ठरलेल्या दिवशी तो सकाळी नऊलाच आला. एप्रिलचं ऊन तेव्हाच चटके देत होतं. ओल्या गमछ्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा त्याने दोन्ही हातांनी बाईंसमोर धरला. चेहऱ्यावर काम चोख केल्याचं समाधान होतं. डब्यात बर्फ होता आणि बर्फात रुतवलेली आमची डबी.

बाईंनी मूठ मिटली आणि लगेच उघडली.

"बर्फात काऊन टाकलं, भाऊ?"

तो म्हणाला, "ढोराचे डॉक्टर गाईचं आनते ते तं बर्फाहून थंड रायते. धूर निघते त्यातून. मी म्हनलं, एवढ्या गरमीत खराब होईन."

त्याचं म्हणणं चुकीचं म्हणता येत नव्हतं. गाईंसाठी वळूचं येतं ते खास तऱ्हेने गोठवलेलं असतं. साधा बर्फ मात्र घात करतो. बाई मला आत घेऊन गेल्या. काचपट्टीवर थेंब ठेवला, आधी स्वतः पाहिलं, मग बाजूला झाल्या. मी डोळा लावला. एरवी तिथे जत्रा असते. त्या दिवशी काहीच हलत नव्हतं. डबी ठोकळ्यात ठेवून पुन्हा पाहिलं, तेव्हा एखादी शेपटी थरथरायची आणि थांबायची. वरच्या मजल्यावर त्याची बायको हिरवा गाऊन घालून तयार बसली होती. इंजेक्शन देऊन बीज फुटायची वेळ साधलेली. हा एकच दिवस होता, पुढचा महिनाभराने.

"तू सांगतलं होतं ना त्याले?" बाईंनी विचारलं.

"हो. कागद दिला होता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग त्या बाहेर गेल्या. दाराआडून मला ऐकू येत होतं. तो म्हणत होता, कागद शेजारच्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्यायला पाहिजे होता, मीच अडाणी. मी बाहेर जाऊन 'नाही' म्हणू शकले असते.

तेवढ्यात डॉक्टर खाली आले. "बर्फ में? किसने समझाया था इसको?"

"सांगायचं आमच्याकडून राहिलं, सर," बाई म्हणाल्या.

डॉक्टर त्यांना भरपूर बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, असं रिसेप्शनवाली नंतर सांगत होती. बाईंनी ऐकून घेतलं आणि डॉक्टर पुरते थांबायच्या आत त्या नवऱ्याकडे वळल्या. गोंदियात कोणी आहे का तुमचं? त्याची बहीण राइस मिलच्या मागे राहत होती. घरी कोण आहे आता? कोणी नाही, दोघं कामावर, किल्ली शेजारी असते. बाईंनी नवी डबी त्याच्या हातात ठेवली आणि स्वतःच्या पोटावर हात दाबून दाखवलं. "बनियानच्या आत. असं. पोराले धरता तसं धरून आना."

तो गेला. त्या दीड तासात बाईंनी लॅबचे किती फेरे मारले ते मी मोजले नाहीत. पण एका फेऱ्यात त्या माझ्यापाशी थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सरले मी सांगतलं, ते सरपुरतं. त्या मानसाले वाटून राहिलं का त्याच्याच चुकीनं झालं. त्याले तू सांग."

मी हो म्हटलं.

तो परत आला तेव्हा दोन्ही हातांनी पोट धरून, कमरेत वाकून, पाय न उचलता चालत होता. रिसेप्शनवालीने घाबरून विचारलं, अपेंडिक्स का दर्द है क्या? बाईंनी डबी मुठीत घेतली. "हां. आता ऊन हाय." नमुना थोडाच होता, इतक्या लवकर दुसऱ्यांदा दिलेला, पण त्यात जत्रा होती. त्या दिवशी नळीत थर बाईंनी मला लावायला दिले. मी थेंब थेंब सोडत होते आणि त्या पाठीमागे येरझाऱ्या घालत होत्या. दुपारी काम पार पडलं. तो बायकोला मोटारसायकलवर बसवून, गमछ्याने तिचं डोकं झाकून घेऊन गेला. जाताना मला नमस्कार केला. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "सांगतलं का?" मी म्हटलं, ते घाईत होते. तिसऱ्या दिवशी म्हटलं, फोन लागत नाही. मी लावलाच नव्हता. बाई रागावायच्या नाहीत. पण नळ्यांवर नावं लिहिता लिहिता, मशीनचं झाकण लावता लावता तेच विचारायच्या, "सांगतलं का?" मला रविवारीसुद्धा तो प्रश्न ऐकू यायचा. आई म्हणायची, जेवताना दहा वेळा काऊन उठतेस?

मग आठवड्याभरात बाईच गेल्या. त्यांचे मिस्टर रेल्वेत. बदलीचा हुकूम नागभीडचा आला आणि बाईंनी दोन दिवसांत सामान बांधलं. निरोपसमारंभ करायला वेळ मिळाला नाही, समोसे मागवले तेवढेच. बाईंनी ते उभ्याउभ्या खाल्ले, मला मशीनचा आवाज बदलला तर काय करायचं ते पुन्हा एकदा सांगितलं आणि ऑटोत बसल्या. माझा तो विषय त्या दिवशी त्यांनी काढला नाही. मी वाट पाहत होते की काढतील.

आणखी आठवड्याने रिसेप्शनवालीने मला बाहेर बोलावलं. त्या गाईवाल्याच्या बायकोचा फोन होता, तिला बाई हव्या होत्या. मी सांगितलं, बाई आता इथे नाहीत, बदली झाली. मग ती म्हणाली की पाळी आली.

मी दवाखान्यात म्हणतात ते म्हटलं. पहिल्याच वेळी होतं असं नाही, पुढच्या महिन्यात या.

"ते नाही म्हनते यायले," ती म्हणाली. "घरी सारे त्यायले बर्फवाला म्हनून राहिले. सासूबाई तं ताट वाढतानाई बोलते. ते गोठ्यातच जेवते आता. मॅडम, बर्फामुळंच झालं का?"

दुसरा नमुना चांगला होता, हे मी तिला सांगितलं. मग लॅबच्या दाराकडे पाहिलं. तिथे कोणी फेऱ्या मारत नव्हतं.

"बर्फाचं मी त्यांना सांगायला हवं होतं," मी म्हटलं. "ते माझं काम होतं. मी लाजले आणि इंग्रजी कागद देऊन दार लावून घेतलं. त्यांची चूक नाही."

पलीकडे वासरू हंबरत होतं. ती म्हणाली, "थांबा. मी सांगून ऐकनार नाही ते. तुमीच सांगा. बलावतो त्यायले."

तिची हाक ऐकू आली, मग बादली खाली ठेवल्याचा आवाज, मग त्याचा श्वास. "हां, मॅडम. बोला."

रिसेप्शनसमोरच्या बाकांवर तीन जोडपी बसली होती, सगळी माझ्याकडे बघत होती. मी नमस्कार म्हटलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले. नमुना कसा आणायचा, अंगाशी कसा धरायचा, आणि डबी देताना हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी आवाज कमी केला नाही.